सेकंड हँड स्पोर्ट्स टुरर घेताय? निन्जा ६५० धरून सगळा हिशेब

सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीच्या वरच्या मोटरसायकलींवरचा जीएसटी ४० टक्क्यांवर गेला. आधी २८ टक्के आणि वर ३ टक्के सेस असायचा. नवी मोठी गाडी आधीही स्वस्त नव्हती, आता मध्यमवर्गीय नोकरदाराने तिचा विचार करताना दोनदा पगाराची स्लिप बघावी अशी स्थिती आहे. त्यामुळे सेकंड हँडकडे ओढा वाढलाय. विकणाऱ्यांनाही ते कळलंय, म्हणून भाव आणि भूलथापा दोन्ही वाढलेत.

स्पोर्ट्स टुरर म्हणजे दिवसाला चार-पाचशे किलोमीटर पाठ न मोडता नेणारी, घाटात मात्र मरगळलेली न वाटणारी गाडी. आपल्याकडे या वर्गात सेकंड हँड बाजारात सहज सापडणारी, सुटे भाग मिळणारी आणि मेकॅनिकला ओळखीची गाडी म्हणजे कावासाकीची निन्जा ६५०. पुढचं सगळं तिच्यावर बेतलंय, पण तपासणी आणि कागदपत्रांचा भाग कुठल्याही मोठ्या गाडीला लागू आहे.

आधी गाडी कोणती, हे ठरवा

निन्जा ६५० भारतात २०११ पासून आहे. सुरुवातीला बजाजच्या शोरूममधून विकली जायची. २०१७ साली कावासाकी-बजाजची विक्रीतली भागीदारी संपली आणि त्याच वर्षी गाडीही पूर्ण नवी आली: ट्रेलिस (नळ्यांच्या जाळीची) फ्रेम, स्लिपर क्लच (झटकन खालचा गियर टाकला तरी मागचं चाक अडकू न देणारा), एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), आणि जुनीपेक्षा जवळपास वीस किलो कमी वजन. २०२० च्या बीएस-६ मॉडेलला रंगीत टीएफटी मीटर आणि एलईडी दिवे मिळाले, २०२३ च्या मॉडेलला ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे जोर दिल्यावर मागचं चाक घसरू न देणारी यंत्रणा. बजेट बसत असेल तर २०१७ च्या आधीची घेऊ नका, असं माझं सरळ मत आहे. वजन आणि एबीएस या दोन कारणांसाठी वरचे पैसे वसूल होतात. मीटर रंगीत आहे की नाही, यासाठी मात्र लाखभर जास्त मोजण्यात अर्थ नाही.

६४९ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, ६८ पीएस ताकद, १५ लिटरची टाकी, वजन १९३ ते १९६ किलो. मित्रमंडळी म्हणतील, ‘थोडे पैसे घाल आणि निन्जा १००० घे.’ तिची ताकद १४० पीएसच्या वर, टाकी १९ लिटरची आणि वजन सव्वादोनशे किलोच्या पुढे. हातकणंगल्यापासून बेळगावपर्यंत एका दमात जायचं असेल तर मजा आहेच. पण आपल्याकडे चौपदरी महामार्गावर दुचाकीला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, कॅमेरे जागोजागी आहेत, आणि गाडी रोज पार्किंगमधून मागे ओढायची आहे. पहिली मोठी गाडी असेल तर ६८ पीएस पुरून उरतात. ज्याला चार सिलिंडरचा आवाजच हवा त्याने होंडाची सीबीआर ६५० एफ बघावी. ती २०१५ ला आली, पुढे तिची जागा सीबीआर ६५० आरने घेतली. बजेट दोन लाखांच्या आत असेल तर बजाजची डॉमिनार ४०० हे प्रामाणिक उत्तर आहे. चाकणची गाडी, भाग कुठेही मिळतात, तालुक्याच्या ठिकाणीही मेकॅनिक हात लावतो.

एक गाडी कमी किमतीत खुणावते, ती ह्योसंग जीटी ६५० आर. आधी वाईला गरवारेंनी, मग डीएसकेंनी, मग कायनेटिकने, असे तिचे भारतातले हात बदलत गेले. विकत घेण्याआधी एकच काम करा: फेअरिंगचा (बाहेरच्या प्लास्टिकच्या आवरणाचा) एक पॅनेल, क्लच प्लेट आणि फ्युएल पंप कुठून आणि किती दिवसांत मिळेल, हे तीन दुकानांत विचारा. उत्तर पटलं तर घ्या.

किंमत कशी काढायची

जाहिरातीतला आकडा ही गाडीची किंमत नसते. त्यात गाडीला लगेच काय काय घालावं लागणार, ते मिळवायचं. मागचा १६०/६० आकाराचा टायर संपत आला असेल, चेन-स्प्रॉकेट ओढलेलं असेल, बॅटरी चार वर्षांची असेल आणि गाडीची मोठी सर्व्हिस राहिलेली असेल, तर ‘वीस हजारांनी स्वस्त’ मिळालेली गाडी पहिल्याच महिन्यात महाग पडते. टुरिंगचा चांगला रेडियल टायर मागच्या चाकाला साधारण दहा हजार किलोमीटर टिकतो आणि एकाच टायरचे पैसे दहा-पंधरा हजारांच्या घरात जातात. म्हणून जे खर्च दिसतात ते कागदावर मांडा आणि तो कागद समोर ठेवूनच भाव करा. विकणारा समंजस असेल तर त्यालाही वाद घालायला जागा उरत नाही.

माझा नियम असा की, एकूण बजेटचे पंधरा टक्के गाडी घेतल्यानंतरसाठी हातात ठेवायचे. पाच लाख असतील तर सव्वाचार लाखांची गाडी शोधायची.

किलोमीटरचा फार बाऊ करू नका. सहा वर्षांत सात हजार किलोमीटर झालेली ‘शोपीस’ गाडी अनेकदा त्रास देते: सील सुकलेले, टायर कडक झालेले, टाकीत जुनं पेट्रोल, ब्रेकचं तेल कधीच न बदललेलं. तीस हजार किलोमीटर झालेली, पण प्रत्येक सर्व्हिसची पावती असलेली गाडी मी आधी बघेन. हे इंजिन नीट तेलपाणी केलं तर लवकर थकणारं नाही.

बघायला जाताना

फोनवरच सांगा, ‘दादा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ पोहोचल्यावर बोलणं सुरू असताना इंजिनच्या केसिंगला हळूच हात लावा. कोमट असेल तर विचारा. थंड इंजिन सुरू होताना जे सांगतं, ते गरम इंजिन लपवतं. चावी फिरवल्यावर एबीएस आणि इंजिनचे दिवे लागलेच पाहिजेत. दिवा लागतच नसेल तर बल्ब काढून किंवा वायर तोडून कुणीतरी दोष झाकलेला असू शकतो. इंजिनचा दिवा सुरू झाल्यावर विझतो, एबीएसचा गाडी थोडी पुढे सरकल्यावर.

स्टार्टर दाबल्यावर पहिला सेकंदभर खडखड झाली आणि थांबली तर काळजी नाही. खडखड सुरूच राहिली तर कॅम चेन (इंजिनच्या आतली, व्हॉल्व्ह चालवणारी चेन) आणि तिला ताणून धरणाऱ्या टेन्शनरकडे बोट जातं. धूर पांढरा आणि थोडा वेळच असेल तर ती वाफ. निळसर असेल तर तेल जळतंय, तिथेच नमस्कार करून परत या. गाडी तशीच उभी ठेवून रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत थांबा. पंखा लागला पाहिजे आणि तापमान उतरल्यावर बंदही झाला पाहिजे. एवढी दहा-बारा मिनिटं कुणी थांबत नाही, आणि मग पहिल्या ट्रॅफिकमध्ये गाडी उकळते.

आता खाली बसा. या गाडीचा सायलेन्सर इंजिनच्या पोटाखाली आहे आणि जमिनीपासूनची उंची फक्त १३० मिलिमीटर. आपले स्पीड ब्रेकर कुठल्या मापाने बांधतात ते तुम्हाला माहीत आहेच. मोबाइलचा टॉर्च लावून पोटाखाली बघा. थोडे ओरखडे सगळ्याच गाड्यांना असतात. खोल पोचा, वाकलेला ब्रॅकेट किंवा वेल्डिंगचा ताजा डाग दिसला तर गाडी मागे माणूस बसवून बेफिकीरपणे हाणलेली आहे. मग तेलाचा ड्रेन बोल्ट आणि त्याच्या आजूबाजूचं केसिंगही नीट बघा, तेल पाझरतंय का ते बोटाने पुसून पाहा.

गाडी आपटलेली आहे का, हे रंगावरून ओळखायला जाऊ नका. फेअरिंग नवी बसवता येते. हँडल पूर्ण डावीकडे फिरवा, मग पूर्ण उजवीकडे. फ्रेमच्या गळ्याशी हँडलला शेवटी अडवणारा एक छोटा थांबा असतो. समोरून जोरात धडक बसली की चाक वळून हा थांबा चेपतो किंवा त्यावरचा रंग उडतो. तिथे पुन्हा रंग मारलेला दिसला तर माझ्या मते पुढे बोलण्यात वेळ घालवू नये. मग दोन्ही बाजू जोडीने बघा: लिव्हरची टोकं, हँडलची टोकं, आरसे, इंजिन कव्हर आणि फूटरेस्टच्या खालची खीळ. एक बाजू नवीकोरी आणि दुसरी सहा वर्षं जुनी दिसत असेल, तर गाडी नव्या बाजूवर पडली होती. उभी असताना पडणं हा गुन्हा नाही, मोठ्या गाड्या उभ्या-उभ्याही पडतात. पण विकणाऱ्याने ते आपणहून सांगितलं का, याला महत्त्व आहे.

पुढचा ब्रेक दाबून शॉकअब चार-पाच वेळा जोरात दाबा आणि चमकणाऱ्या नळीवर तेलाची रिंग उमटते का बघा. उमटली तर सील गेलेत. तो फार मोठा खर्च नाही, पण भाव करायला मुद्दा मिळाला. पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा सुटा स्टँड) असेल तर मागचं चाक फिरवून बघा. या गाडीला सेंटर स्टँड येत नाही. रिम खड्ड्यात वाकलेली असेल तर फिरताना लगेच दिसते. चेन मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या बिंदूवर बोटाने बाहेर ओढा. अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला तर चेन संपली. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, तो वाचा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खाच भरपूर दिसली तरी सहा वर्षांचा टायर पावसात भरवशाचा नाही.

बरोबर एक स्वस्तातलं मल्टिमीटर न्या. बंद गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन थोडं फिरवल्यावर १४ च्या आसपास यायला हवेत. तेवढं येत नसेल तर बॅटरी चार्ज करणारे रेग्युलेटर, स्टेटर किंवा वायरिंग यापैकी काहीतरी बिघडलंय. जादा दिवे, भोंगे आणि यूएसबी लावलेली गाडी असेल तर सीट उघडून वायरिंग बघा. रिले आणि फ्यूज नसलेलं, टेप गुंडाळलेलं जंजाळ दिसलं तर ते सगळं काढून पुन्हा करावं लागेल, हे धरून चला.

फेरी

ट्रायल मागताना लायसन्स आणि ओळखपत्र मालकाकडे ठेवा, हेल्मेट स्वतःचं न्या. अनोळखी माणसाने तुमच्या हातात चार लाखांची गाडी दिली, याची जाण ठेवावी. सगळे गियर वर-खाली करा. जोर दिल्यावर दुसरा गियर सुटतोय का, ते बघा. मोकळ्या सरळ रस्त्यावर हँडलवरची पकड थोडी सैल करा. हात सोडू नका. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा हँडल थरथरत असेल तर टायर, चाक किंवा स्टिअरिंगचे बेअरिंग तपासावे लागतील. बेअरिंग खाल्लेलं असेल तर हळू वळताना हँडल सरळ रेषेत आल्यावर ‘टक्’ करून अडकल्यासारखं जाणवतं. ब्रेक मारताना लिव्हर लयीत धडधडत असेल तर डिस्क वाकडी आहे.

निन्जाच्या इंजिनात चार-पाच हजार आरपीएमला थोडी गुणगुण हाताला लागते. तो दोष नाही, दोन सिलिंडरचा स्वभाव आहे.

कागदपत्रं: इथे घाई नको

गाडी पसंत पडली तरी टोकन देण्याआधी परिवहन विभागाच्या ॲपवर नंबर टाकून मालकाचं नाव, नोंदणीची तारीख, विमा, कर्जाचा बोजा आणि थकलेली चलनं बघा. मग चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवा. आरसीवर रंगही लिहिलेला असतो. हिरवी गाडी काळी करून घेतली असेल आणि त्याची नोंद नसेल, तर ट्रान्सफरच्या वेळी तुम्हालाच उत्तर द्यावं लागतं.

आरसीवर बँकेचं नाव असेल तर ‘कर्ज फेडलंय, कागद नंतर देतो’ यावर जाऊ नका. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, विकणाऱ्यानेच काढून द्यायची. मोटार वाहन कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

बेंगळुरूमध्ये गाड्या भरपूर आणि निवडीला वाव जास्त, हे खरं. पण बाहेरच्या राज्यातली गाडी महाराष्ट्रात कायमची ठेवायची तर इथे पुन्हा नोंदणी आणि रोड टॅक्स भरावा लागतो. तिथल्या टॅक्सचा परतावा मागता येतो, मिळायला किती चपला झिजतात ते ज्याचं त्याने ठरवावं. टॅक्स धरून हिशेब केला की कर्नाटकची ‘स्वस्त’ गाडी आणि पिंपरीतली गाडी बहुतेक वेळा सारख्याच पडतात. मग पिंपरीचीच घ्यावी, निदान जाऊन दोनदा बघता तरी येते.

एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का, ते विचारा. बाजारचा सायलेन्सर असेल तर मूळ सायलेन्सर मागून घ्या आणि त्यासाठी अडून बसा. पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोड रोलर फिरवल्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील.

विम्यात एक गोम आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा बहुतेक लोक वर्षावर्षाने घेतात. विकणारा ‘इन्शुरन्स आहे ना’ म्हणतो, तो अनेकदा नुसता थर्ड पार्टीच असतो. गाडी नावावर झाली की १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा, तो तुम्हाला मिळत नाही. ३५० सीसीच्या वर वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता २,८०४ रुपये अधिक जीएसटी असा आहे. बाकीचा हप्ता गाडीच्या ठरवलेल्या किमतीवर जातो.

पैसे बँकेतूनच द्या. गाडी ताब्यात घेताना साध्या कागदावर तारीख आणि वेळ घालून दोघांच्या सह्या करा. सकाळी अकराला गाडी घेतली आणि त्याच दिवशी सकाळी नऊचं चलन आलं, तर ते कुणाचं, हा प्रश्न या कागदाने सुटतो.

घरी आल्यावर

विकणाऱ्याने ‘परवाच सर्व्हिस केली’ म्हटलं तरी इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला. ब्रेकचं तेल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. मागच्या बदलाची पावती नसेल तर ते आणि कूलंटही बदला. एअर फिल्टर टाकीखाली आहे, म्हणून आळशी मेकॅनिक तो बघतच नाही. समोर उभे राहून बघायला सांगा. इथून पुढे तारखा आणि किलोमीटर लिहून ठेवलेत की अंदाजाने चालावं लागत नाही.

टायरमधली हवा पुढे ३२ आणि मागे ३६ पीएसआय. पंपावरचा पोरगा त्याच्या अंदाजाने भरतो, म्हणून स्वतःचा गेज ठेवा. चेन किती सैल ठेवायची ते स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर लिहिलेलं आहे. पावसाळ्यात दर दोन-तीनशे किलोमीटरला चेन पुसून ल्यूब मारा. कोकणात राहत असाल किंवा नेहमी समुद्राकाठी जात असाल तर फिरून आल्यावर साध्या पाण्याने गाडी धुवा. खारी हवा बोल्टची डोकी आणि वायरिंगचे जोड खाऊन टाकते. प्रेशरचा फवारा बेअरिंग आणि वायरिंगवर मारू देऊ नका.

पेट्रोल आता जवळपास सगळीकडे ई-२० आहे आणि बहुतेक जुन्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये दहाच टक्के इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. रोज चालणाऱ्या गाडीत टाकीतलं पेट्रोल संपून नवं येत राहतं. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर मात्र इथेनॉल ओलावा धरून ठेवतं, म्हणून अशा वेळी जुनं पेट्रोल टाकीत साठवू नका. पेट्रोलच्या नळ्या आणि रबरी भाग सर्व्हिसला दरवेळी बघून घ्या.

पिलियन, म्हणजे मागे बसणारा, नेहमीचा असेल तर घेण्याआधी त्या माणसाला मागे बसवून अर्धा तास फिरवून आणा. निन्जाची मागची सीट छोटी आणि उंच आहे. बायकोने पहिल्याच ताम्हिणीच्या फेरीत ‘आता मी कारनेच येणार’ म्हटलं, तर टुरिंगचा बेत एकट्याचा होतो. सायलेन्सर खाली असल्याने कापडी सॅडलबॅग मात्र दोन्ही बाजूंना नीट बसतात, तेवढी सोय आहे. विंडस्क्रीन तीन उंचींवर बसवता येते. उंच माणसाने वरची जागा करून घ्यावी, बोल्ट काढून दहा मिनिटांचं काम आहे.

गाडी हातात आली की पहिला बेत बहुतेकांचा पुणे-मुंबई असतो, म्हणून सांगतो: द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू, तिन्हीवर दुचाकीला बंदी आहे. गाडी कितीही सीसीची असो. मुंबईला जुन्या महामार्गाने, खंडाळ्याच्या घाटातून जायचं, आणि लांबच्या पहिल्या फेरीला पुणे-कोल्हापूर बरं. टोल लागत नाही, मदत लवकर मिळते, आणि १५ लिटरच्या टाकीत कोल्हापूर गाठून वर आंबा घाटात डोकावून येण्याइतकं पेट्रोल उरतं.